मूळ विधान वगळल्यावर अनुमानांचे काय करावे?
विधाने आणि त्यांवरून नियमांनी काढलेली अनुमाने साठवणाऱ्या माहितीसंचातून मूळ विधान वगळताना त्यावरून काढलेली सर्व अनुमानेही पुसावीत, ही सूचना मला धोक्याची वाटते. ‘लेखक’ आणि ‘अध्यापक’ हे दोन्ही ‘व्यक्ती’चे उपवर्ग असतील, तर कुणाचे ‘लेखक’ असणे वगळले तरी ‘अध्यापक’च्या आधारावर ‘व्यक्ती’ हे अनुमान टिकायलाच हवे. नुसते आधार मोजूनही भागत नाही, कारण सममित नियमांत (‘अ हा ब चा मित्र असेल, तर ब हा अ चा मित्र’ अशा) दोन अनुमाने एकमेकांनाच आधार देत राहतात आणि मूळ विधान गेल्यावरही आधारांची संख्या शून्यावर येत नाही. म्हणूनच १९९३ मध्ये मांडलेली ‘डीरेड’ (डिलीट-रीडिराइव्ह, म्हणजे पुसून पुन्हा सिद्ध करणे) पद्धत आधी शंकास्पद ते सारे पुसते आणि उरलेल्या विधानांवरून सिद्ध होणारे परत आणते. २०१५ ची ‘बॅकवर्ड-फॉरवर्ड’ पद्धत पुसण्याआधीच दुसरा आधार शोधते; जिथे अनुमानांना अनेक आधार असतात, तिथे मी हीच निवडेन.