मदत हवी आहे : लोड बॅलन्सरवर दोन्ही सर्व्हर हिरवे, पण ओपीडीच्या निम्म्या खिडक्या बंद

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला एका खासगी रुग्णालयात आयटी सांभाळते. केसपेपर, बिलिंग, मेडिकल, लॅबचे रिपोर्ट, सगळं एकाच जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. दिवाळीपर्यंत सर्व्हर एकच होता. तो बसला की सगळं वहीवर. म्हणून दुसरा घेतला आणि दोघांच्या पुढे एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर, म्हणजे येणारं काम दोघांत वाटणारा प्रोग्रॅम, बसवला. राउंड रॉबिन, म्हणजे आळीपाळीने वाटणी, लावलं, आणि लॉगिन तुटू नये म्हणून ज्याचं सेशन त्याच सर्व्हरला चिकटून राहील अशी कुकीही दिली.

गेल्या सोमवारी सकाळी साडेनऊला ओपीडीतून फोन आला : "ताई, एक नंबर आणि तीन नंबर खिडकी चालू आहे, दोन आणि चारवर नुसतं गोल फिरतंय." सोमवारी पेठ-सुरगाण्याकडची माणसं पहाटेच्या एसटीने येऊन बसलेली असतात. मी एचएप्रॉक्सीचं स्टॅटसचं पान उघडलं, दोन्ही सर्व्हर हिरवे. मग स्विच बघितला, केबली बदलल्या. कुणी ब्राउझर बंद करून उघडला तर चालू व्हायचं, कुणाचं नाही, त्यामुळे संशय त्या पीसींवरच जात राहिला. यात चाळीस मिनिटं गेली. शेवटी सापडलं : दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची सगळी कनेक्शन अडकून बसली होती. पोर्ट उघडं, आत काम ठप्प. आमची तपासणी पोर्टला जोडणी होते का एवढंच बघत होती, म्हणून बॅलन्सर नवे लॉगिन त्याच्याकडेही पाठवत राहिला.

त्या वेळात आयसीयूतल्या एका आजींचा पोटॅशियमचा रिपोर्ट अडकला. लॅबमधल्या दादांनी तो कागदावर लिहून तीन मजले चढून नेला. आजी आता बऱ्या आहेत. पण सर्व्हर एकच असता तर तो पडल्याचं दोन मिनिटांत कळलं असतं, हे मला फार लागलंय. निम्मं बंद पडलेलं ओळखायला जास्त वेळ लागला.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात, राउंड रॉबिन काढून लीस्टकनेक्शन (ज्याच्याकडे चालू कनेक्शन कमी, त्याला नवं काम) लावा म्हणजे प्रश्न मिटेल. मला पटत नाहीये. तपासणी नक्की कशाची करावी? शिवाय बॅलन्सर एकच आहे आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेसही एकच. २०२७ च्या सिंहस्थाआधी हे पक्कं करा, असं व्यवस्थापनाने सांगितलंय. पैसे एका टप्प्यापुरतेच मिळतील. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे. अडकलेल्या सर्व्हरवर जुनी कनेक्शन साचतात, म्हणून लीस्टकनेक्शन त्याला कमी काम देईल, इतपत फायदा आहे. पण उद्या तोच सर्व्हर अडकण्याऐवजी झटकन एरर द्यायला लागला तर? त्याची कनेक्शन लगेच मोकळी होतात, बॅलन्सरला तो सगळ्यात रिकामा दिसतो आणि जास्तीत जास्त माणसं तिकडेच जातात. आमच्याकडे सातपूरला एका कारखान्यात हे घडलेलं मी पाहिलंय.

अ‍ॅप्लिकेशनमध्ये तपासणीसाठी एक वेगळा पत्ता करून घ्या. त्याने स्वतःच्याच पूलमधून, म्हणजे डेटाबेसच्या तयार कनेक्शनांच्या साठ्यातून, कनेक्शन घ्यायचं, एक साधी क्वेरी चालवायची आणि जमलं तरच २०० (सगळं ठीक) परत द्यायचं. पूलमधून कनेक्शन मिळायची वाट एका सेकंदापेक्षा जास्त बघायची नाही. एचएप्रॉक्सीत ऑप्शन एचटीटीपीचेक लावून त्या पत्त्यावर तपासणी ठेवा. मूळ सेटिंगमध्ये दर २ सेकंदांनी तपासतो, लागोपाठ ३ वेळा नापास झाला की बाहेर काढतो आणि २ वेळा पास झाला की परत घेतो. तेवढं पुरे आहे.

यात एक धोका मात्र नीट समजून घ्या. डेटाबेसच हळू झाला तर दोन्ही सर्व्हर एकदम नापास होतील आणि सगळ्यांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसेल. म्हणून क्वेरी अगदी हलकी ठेवा आणि डेटाबेसवर स्वतंत्र अलार्म लावा. आणि हो, कनेक्शन कुठे गळतायत ते सॉफ्टवेअरवाल्यांकडून शोधून घ्याच. तपासणीने फक्त आजारी सर्व्हर बाजूला होतो, आजार तसाच राहतो.

प्रतिसाद २

वरच्या दादांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

बॅलन्सरची जोडी करायला खर्च फार नाही. दुसऱ्या साध्या मशीनवर तोच एचएप्रॉक्सी, आणि दोन्हींवर कीपअलाइव्हडी, म्हणजे एकमेकांवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम. दोघांत एक सामाईक आयपी फिरतो. मुख्य मशीन दर सेकंदाला 'मी आहे' असं कळवतं; साधारण तीन-साडेतीन सेकंद ते आलं नाही की दुसरं आयपी आपल्याकडे घेतं. हा निरोप ज्यातून जातो तो व्हीआरआरपी, म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक ११२, फायरवॉलमध्ये मोकळा ठेवा. तो अडला की दोघंही स्वतःला मुख्य समजतात आणि आयपीवरून भांडण होतं. नुसती मशीन चालू असून भागत नाही, एचएप्रॉक्सीची प्रोसेस जिवंत आहे का तेही कीपअलाइव्हडीला तपासायला लावा.

पोस्टग्रेसची प्रतिकृती आत्ताच सुरू करा, पण मुख्य डेटाबेस पडला की प्रतिकृतीने आपोआप त्याची जागा घेणं लगेच नको. त्यासाठी मुख्य कोण हे ठरवायला तिसरं मशीन साक्षीदार म्हणून लागतं. दोघांतच निर्णय ठेवला आणि मधली तार तुटली, तर दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी पडायला लागतील. रुग्णांच्या नोंदींत ते परवडणार नाही. तूर्त हाताने बदल करायचे टप्पे लिहून भिंतीला लावा.

आणि एक विचारतो : गर्दीच्या वेळी दोन्ही सर्व्हर किती भरलेले असतात? प्रत्येकी ७० टक्के असतील तर एक पडल्यावर दुसऱ्यावर १४० येणार, म्हणजे तोही बसणार.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आत्ता नोंदी काढून बघितल्या, सोमवारी दहा-साडेदहाला दोन्ही साठीच्या पुढे जातात. म्हणजे आमच्याकडे जोडी नव्हतीच, एकाच्या कामाची दोघांत वाटणी होती. व्यवस्थापनाकडे तिसरा सर्व्हर मागते.

तपासणीचा पत्ता सॉफ्टवेअरवाले शुक्रवारपर्यंत देतायत. शनिवारी रात्री अकरानंतर कॅज्युअल्टीशिवाय कुणी नसतं, तेव्हा त्यांना आधी सांगून दुसऱ्या सर्व्हरचा पूल मुद्दाम अडकवून बघणार आहे.

एक राहिलं. दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आहेत आणि स्विचही एकच. दुसऱ्या मजल्यावर जुन्या एक्सरे खोलीत जागा आहे, पण तिथे एसी नाही. एक सर्व्हर तिकडे हलवावा, की आधी इथेच दुसरा यूपीएस आणि स्विच घ्यावा?