डोंबिवली 'आपली' म्हणजे नेमकी कोणाची?

फडकेरोडकर: आमची १९७६ ची इमारत, तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, मंत्रालयातला शिपाई एकाच जिन्यावर. पगार वेगळे, पण लोंबकळायचे सगळे एकाच लोकलला. पुनर्विकास झाला, टॉवर उभा राहिला, मेंटेनन्स तीनशेवरून साडेचार हजारांवर गेला. पेन्शनीत हे कसं बसायचं? बारापैकी सात जण जागा विकून बदलापूरला नाहीतर मुलांकडे पुण्याला गेले. आता तिथे तीन-तीन गाड्या बाळगणारे राहतात, एकमेकांची नावंही माहीत नाहीत. गर्दी वाढली, टॉवर वाढले, मधला, मध्यमवर्गीय माणूस मात्र गेला. माझ्या मते डोंबिवली संपली.

भोपरचा_पोर: काका, तुमची इमारत उभी राहिली ती जमीन आधी भातशेतीच होती ना? आमच्या आजोबांनी गुंठ्यांच्या भावाने शेतं दिली आणि नंतर त्याच वस्तीत रिक्षा चालवली. तेव्हा गिरगाव-दादरहून आलेले तुम्हीच उपरे होतात. 'मधला माणूस' आला तेव्हा आम्हा आगऱ्यांना, इथल्या मूळ शेतकऱ्यांना, कोणी विचारलं नाही, आता तो गेला तर शहर संपलं! टॉवर आले म्हणून माझ्या वहिनीला पोळ्यांची चार घरं मिळाली. गावात बसून काय मिळालं असतं?

आकडेमोड: गर्दीबद्दल थोडं. कल्याण-डोंबिवली पालिकेची लोकसंख्या २००१ ला ११.९३ लाख, २०११ ला १२.४७ लाख. म्हणजे दहा वर्षांत साडेचार टक्के! लोकलमध्ये उभं राहिलेला कोणी यावर विश्वास ठेवेल का? गोम अशी की २००२ मध्ये २७ गावं पालिकेतून वगळली, २०१५ मध्ये परत घेतली. माणसांपेक्षा हद्दीची रेघच जास्त हलली. बदलापूर मात्र त्याच काळात लाखाच्या आतून पावणेदोन लाखांच्या आसपास गेलं. फडकेरोडकरांचे शेजारी तिकडे गेले, हे पटतं. पण कोण श्रीमंत झालं, कोण हटलं, हे जनगणनेतून कळणार नाही. ती घरात टीव्ही, दुचाकी आहे का विचारते, पगार विचारत नाही. शिवाय २०११ नंतरची, २०२१ ला व्हायची होती ती, वेळेवर झालीच नाही.

फडकेरोडकर: आकडे मान्य. भोपरच्या पोराचं बोलणं लागलं, पण खोटं नाही. तरी मला सांगा, आमच्या जिन्यावर शिपाई राहू शकत होता. आज त्या टॉवरमध्ये कुठला शिपाई घर घेईल?

तुळू_डोंबिवलीकर: वडील १९७१ ला इथे आले, हॉटेलात कामाला. घरात तुळू, शाळा मराठी. 'बाहेरचे' हा शब्द मी दर दहा वर्षांनी नव्या लोकांसाठी ऐकतो, फक्त बोट वेगळ्या दिशेला असतं. पण काकांचा जिन्याचा मुद्दा खरा आहे. वडिलांना खोली भाड्याने मिळाली ती अशाच मिश्र इमारतीत. आज हॉटेलातली पोरं सहा-सहा जण दिवा स्टेशनजवळ एका खोलीत राहतात.

भोपरचा_पोर: भाड्याचं खरंय. आमच्याच चाळीच्या खोल्यांचं भाडं आम्ही वाढवलं, लपवत नाही. कर्ज आहे.

फडकेरोडकर: वहिनींना विचारून सांग, टॉवरमध्ये पोळ्यांचे पैसे जास्त मिळतात का?

भोपरचा_पोर: विचारलं. जास्त मिळतात. फक्त सामानाच्या लिफ्टने जावं लागतं.