मदत हवी आहे: ई-केवायसी झाली, तरी पीएम किसान आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता येत नाही

पोर्टलवर दिसणारी स्थिती: ई-केवायसी 'हो', लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं) 'नाही', आधार बँक सीडिंग (आधार बँकेशी जोडणं) 'नाही'. बँक म्हणते आधार जोडलेलं आहे. जमीन २०२२ मध्ये वडिलांच्या पश्चात वारसाने आली, सातबारा सामाईक, तीन भावांची नावं. नोंदणी त्यानंतरची. सुरुवात कुठून करावी? नमोसाठी वेगळा अर्ज लागतो का?

— बांधकरी

आधी बँकेचं बघा, ते लवकर उरकतं. बँक खोटं सांगत नाही, पण 'आधार लिंक' म्हणजे फक्त त्यांच्या नोंदीत तुमचा क्रमांक आहे. अनुदान जातं ते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या) मॅपरवर, म्हणजे आधार-बँक यादीत, तुमच्या आधारासमोर जी बँक असेल तिथे. एका आधाराला एका वेळी एकच बँक, आणि शेवटी सीडिंग झालेली धरली जाते. दुसऱ्या बँकेत खातं उघडताना डीबीटीच्या (थेट खात्यात अनुदान) चौकोनात टिक केली की जुनं खातं बाजूला पडतं. असे हप्ते त्या दुसऱ्या खात्यात जमा होत राहतात आणि माणूस कृषी कार्यालयात खेटे घालतो.

मायआधार या आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' दिसलं पाहिजे. नसेल तर शाखेत संमतीचा अर्ज द्या, त्यात 'डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग' असे शब्द घाला आणि पोच घ्या. शाखा टोलवत असेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढून तेच सीड करून घ्या.

— काळी माती

लँड सीडिंग तालुका कृषी कार्यालयाकडे. तिथे अर्ज अडतात ते १ फेब्रुवारी २०१९ या तारखेवर. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नाव लागलं असेल तर अडचण आहे. मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन चालते, पण ते कागदावर दिसायला हवं. नुसता चालू सातबारा दिला की त्यावर फेरफार २०२२ चा दिसतो आणि अर्ज परत येतो. म्हणून सातबारा आणि ८-अ (खातेउतारा) सोबत वारसाचा फेरफार, वडिलांचा मृत्यू दाखला आणि जमीन २०१९ च्या आधीपासून त्यांच्या नावावर होती हे दाखवणारा जुना फेरफार जोडा. हा शेवटचा कागदच बहुतेकांचा राहतो.

सामाईक सातबाऱ्याची काळजी नको. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तिघे भाऊ वेगवेगळी कुटुंबं, तेव्हा तिघांचे अर्ज स्वतंत्र. आयकर भरणारा त्यातून बाद. सातबारा आणि आधारावरचं नाव मात्र जुळवून घ्या. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढला नसेल तर तोही काढा, आपल्या जमिनीचा प्रत्येक गट क्रमांक त्यात जोडला गेलाय का ते तपासा.

वडिलांची जुनी नोंदणी चालू असेल तर आधी बंद करा. मृत्यूनंतर जमा झालेल्या हप्त्यांची वसुली निघते.

— गटक्रमांक

ती बंद केलेली आहे. मधले हप्ते बुडाले का?

— बांधकरी

नाही. पात्रता असूनही त्रुटीमुळे थांबलेले हप्ते पूर्तता झाल्यावर देय असतात. नमोला वेगळा अर्ज नाही, पीएम किसानची यादीच धरतात, त्यामुळे इकडचं सुरळीत झालं की तिकडचंही. दोन्ही सीडिंग 'हो' दिसल्यावर स्थितीत 'एफटीओ प्रोसेस्ड' (पैसे पाठवण्याचा आदेश निघाला का) पुढे काय आहे ते बघत राहा. 'हो' असून पैसे नसतील तर मॅपरवरची बँक परत तपासा. तक्रारीसाठी १५५२६१, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा.

— काळी माती