चौथीतल्या मुलाला एडीएचडी: शाळेकडे नेमकं काय मागायचं?

कंपासपेटी
मुलगा 9 वर्षांचा, राज्य मंडळाची अनुदानित मराठी शाळा, वर्गात 52 मुलं. बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलता जास्त) निदान केलंय, औषध चालू आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण फळ्यावरचं उतरवून होत नाही, वह्या अर्धवट आणि पेपरात शेवटचे दोन प्रश्न कोरे. डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर्टिफिकेट आणा, मग बघू." त्याला झेपेल अशी दुसरी शाळा बघा, असंही सुचवून झालं. चिठ्ठीत 'एडीएचडी, उपचार चालू' एवढंच लिहिलंय. सर्टिफिकेट कुठलं आणायचं? अर्जात काय लिहायचं?

फिरती शिक्षिका
दोन गोष्टींची गल्लत होतेय. वर्गातली मदत वेगळी आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती वेगळ्या. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लागतं ते दुसऱ्यासाठी. जागा बदलणं, कमी उतरवून घेणं, घटक चाचणीत थोडा जास्त वेळ देणं हे मुख्याध्यापिकांच्या अखत्यारीत आहे, त्याला डॉक्टरांचा नीट अहवाल पुरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या यादीतल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, म्हणून शाळा हात वर करतात. पण कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा व्यापक आहे, आणि कलम 16 मध्ये मान्यताप्राप्त शाळांवर मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करण्याची जी जबाबदारी टाकलीय तिला दिव्यांगत्व किमान 40 टक्के असण्याची अट नाही. अर्जात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा, भाषा मात्र भांडणाची नको.

दुसरी शाळा बघा म्हणणं हा सल्ला झाला, सक्ती नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. संस्था अल्पसंख्याक असेल तर मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा तिला लागू नाही. तेवढं आधी बघून घ्या.

शाईपेन
आधी चिठ्ठी बदलून आणा. 'उपचार चालू' यावरून बाईंना करण्यासारखं काहीच कळत नाही. निदान, कुठल्या चाचण्या केल्या, वर्गात कशाचा त्रास होतो आणि त्यासाठी काय करावं, असं चार परिच्छेदांत लेटरहेडवर मागा.

अर्जात चारच मागण्या ठेवा. पंधरा लिहिल्या तर एकही होत नाही.

जागा: दुसरा बाक, मधली रांग, दारखिडकीपासून लांब. बाईंच्या टेबलाला खेटून नको, वह्या तपासायला येणाऱ्यांची रांग तिथेच लागते.

लेखन: फळ्यावरचं निम्मं उतरवलं तरी चालेल, उरलेल्याचा शेजाऱ्याच्या वहीवरून फोटो. गणितं 10 ऐवजी 5, एका पानावर तीनच, चौकटीच्या वहीत.

हालचाल: दर तासाला एक काम, फळा पुसणं, वह्या वाटणं किंवा हजेरीपट ऑफिसात पोचवणं. काम अपुरं राहिलं म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास काढून घेऊ नये, हेही लिहा. सगळ्यात जास्त घडतं ते हेच, आणि त्यानंतरचे तास आणखी बिघडतात.

पेपर: कोरे राहिलेले प्रश्न छापील पेपरच्या मागच्या पानावर होते का, ते तपासा. असतील तर वेळ वाढवून काही होणार नाही. "पान उलट" एवढं सांगायला हवं. पुढच्याच पानावर असतील तर तासाला 20 मिनिटं जादा मागा.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी कबुली जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलल्या की संपते.

कंपासपेटी
धन्यवाद! बाई म्हणतात, 52 मुलांत एकट्याकडे बघायला वेळ नाही. त्यांचंही चूक नाही म्हणा. रोजचं काही करता येईल का?

शाईपेन
रोजचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा कागद, तीन ओळी, दिवसाचे चार भाग. बाईंनी फक्त ✓ किंवा ✗ करायचं, दिवसाकाठी मिनिटभराचं काम. ओळी मोजता येतील अशा हव्यात: 'गृहपाठ लिहून घेतला', 'दोनदा सांगण्याच्या आत काम सुरू केलं', 'न विचारता तीनपेक्षा जास्त वेळा उठला नाही'. 'नीट वागला' ही ओळ नको, बाईंचा मूड असेल तशी खूण पडते.

पहिला आठवडा नुसतं मोजा, बक्षीस नाही. रोज 12 पैकी 6 येत असतील तर उद्दिष्ट 7 ठेवा, थेट 10 नाही. पाचांपैकी चार दिवस त्याला जमलं पाहिजे. बक्षीस त्याच संध्याकाळी आणि साधं: अर्धा तास जास्त खेळ, आवडीचा पदार्थ. रविवारपर्यंत थांबवलं की कार्ड मरतं. कार्डावर तक्रारी लिहायला लागले तरी मरतं, मुलगा ते दप्तरातून 'हरवतो'. तक्रारींना वेगळी डायरी ठेवा.

फिरती शिक्षिका
सहमत. आता सर्टिफिकेटबद्दल. एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण) असणं नेहमीचं आहे, आणि ती 21 च्या यादीत आहे. वयाची 8 वर्षं पूर्ण झाल्यावर तपासणी होते, म्हणजे तुम्ही आत्ताच नंबर लावू शकता. प्रमाणपत्र सरकारी किंवा पालिकेच्या अधिकृत रुग्णालयाचं लागतं, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं नाव यासाठी माहीत असतं. तुमच्याकडे कुठे ते गट साधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तिथेच भेटतात, शाळाभेटीसाठीही त्यांना बोलवा.

सोबत न्या: आधीची प्रगतिपुस्तकं, भाषेच्या आणि गणिताच्या न सुधारलेल्या वह्या, शाळेचं पत्र, डोळे-कान तपासल्याचे कागद. चाचणी मराठीतून होणार ना, हे आधी विचारा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला लावला तर निकालाला अर्थ उरत नाही. त्या दिवशी औषध द्यायचं का हे डॉक्टरांना विचारा, नाहीतर लक्ष नसल्यामुळे गेलेले गुण वाचनाच्या अडचणीत धरले जातात.

निकालात फक्त एडीएचडीच निघाला तर बोर्डाच्या सवलती मिळणं अवघड जातं, हे स्पष्ट सांगते. मग भर वर्गातल्या सोयींवरच. अर्जाला महिनाभरात लेखी उत्तर नाही आलं तर शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक) त्याच अर्जाची प्रत, आवक क्रमांकासह. तिथेही हललं नाही तर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. पण बाईंच्या डोक्यावरून थेट वर जाऊ नका, वर्ग शेवटी त्याच सांभाळणार आहेत.