मदत हवी आहे: लेकीला एमआयटीत (अमेरिकेतल्या विद्यापीठात) प्रवेश मिळण्याची शक्यता किती?

नमस्कार मंडळी,

आम्ही कराडचे. माझं भुसार मालाचं दुकान आहे. लेक जूनमध्ये बारावीला जाईल, राज्य मंडळ, सायन्स. तिला गणिताचं वेड आहे. रात्री मी दुकानाचा हिशोब मांडतो तेव्हा ती समोर एकच गणित घेऊन बसलेली असते, आणि दोन दिवसांनी सुटलं की मला झोपेतून उठवून सांगते. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी ऐकतो.

दहावीला ९७ टक्के. यंदा गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या दोन पायऱ्या, आयओक्यूएम आणि मग आरएमओ, पार करून जानेवारीत देशपातळीवरच्या आयएनएमओला बसली. सहापैकी एक गणित पूर्ण सुटलं, एक अर्धं. पुढच्या शिबिराला निवड झाली नाही. सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीची परीक्षा) अजून दिलेली नाही. आता ती म्हणते, एमआयटीला अर्ज करायचा.

पुण्यातल्या एका सल्लागारांकडे गेलो होतो. "प्रोफाइल तयार करून देतो, शक्यता सत्तर टक्क्यांवर नेतो," म्हणाले. फी साडेचार लाख. मला तो आकडा पटला नाही, पण नाही म्हणून तिचं नुकसान तर करत नाही ना, या विचारानं झोप लागत नाही.

दुसरी अडचण शिफारसपत्रांची. कॉलेज इंटिग्रेटेड आहे, म्हणजे नाव एकीकडे आणि सगळा दिवस क्लासमध्ये. कॉलेजचे सर तिला चेहऱ्यानंही ओळखत नाहीत. पत्र मागायचं कोणाकडे? आणि या सगळ्यात बारावीचं वर्ष हातातून जाईल का? खरं काय ते सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

प्रतिसाद:

दादा, साडेचार लाख देऊ नका. भारतातून गेलेला अर्ज परदेशी विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यात जातो आणि तिथे शंभरातल्या दोघांच्या आसपास मुलं घेतात. त्या शंभरात ऑलिंपियाडची पदकं मिळवलेली मुलंही असतात. हिची शक्यता सत्तर टक्के आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस खरं बोलत नाही.

तरी अर्ज जरूर करा. एमआयटी परदेशी मुलांचीही निवड करताना घरची ऐपत बघत नाही आणि प्रवेश मिळाला तर गरजेइतकी पूर्ण मदत करते. अर्जाची फीसुद्धा माफ होऊ शकते. उपक्रमांसाठी अर्जात चारच जागा असतात, त्यामुळे विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांचा उपयोग नाही. दोन दिवस एका गणिताशी झगडणं हे तुम्ही वर लिहिलंत ना, तेच तिला तिच्या शब्दांत लिहू द्या.

पत्रं दोन लागतात: एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या. मराठीच्या बाई चालतात. जूनपासून आठवड्यातून दोनदा तरी तिला कॉलेजात पाठवा. शिक्षकांनी पोरीला बघितलंच नाही, तर लिहिणार काय?

सॅट आवश्यक आहे, ती ऑगस्टपर्यंत उरकून घ्या. लवकरच्या फेरीत अर्ज करायची मुदत १ नोव्हेंबर, आणि आरएमओही साधारण त्याच दिवसांत येते. म्हणून निबंध गणपतीआधी लिहून ठेवा किंवा सरळ जानेवारीच्या फेरीत अर्ज करा. मी दुसरं सुचवेन.

माझी भाची दोन वर्षांपूर्वी यातूनच गेली. एमआयटीचा निकाल १४ मार्चला लागला, नकार. पण आयएसआयची (भारतीय सांख्यिकी संस्थेच्या प्रवेशाची) तयारी तिनं थांबवली नव्हती. मे महिन्यातली लेखी परीक्षा, मग मुलाखत, आणि आज ती तिथेच, बंगळुरूला बी. मॅथ (गणिताची पदवी) करते. फी नाही, उलट महिन्याला विद्यावेतन मिळतं. चेन्नईजवळच्या सीएमआयची (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची) परीक्षाही मे महिन्यातच असते. तुमच्या लेकीनं पुढच्या जानेवारीत आयएनएमओत बक्षीस मिळवलं, तर आयएसआय लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला बोलावते. ऑलिंपियाड आणि या परीक्षांची तयारी बरीचशी एकच आहे, त्यामुळे वर्ष वाया जात नाही.

धागाकर्ता:

ताई, फार आभार. लेकीला सगळं वाचून दाखवलं. सल्लागारांना "नको" असं कळवलं. आयएसआयचं नाव तिला माहीत होतं, मीच कधी विचारलं नव्हतं. एक शंका राहिली: तिच्या मराठीच्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. त्यांनी अकरावीच्या वर्षावरून पत्र लिहिलं तर चालेल का?