अनुभव धागा: मास्तरकी सोडावीशी वाटली ते दिवस

मागच्या शिक्षण परिषदेत चहा-समोसा चालू असताना आमच्या केंद्रातले एक सर सहज म्हणाले, "मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. तारीख तेवढी टाकायची राहिली." आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. गाडीवर घरी येताना डोक्यात तेच घोळत होतं. 22 वर्षांत असा अर्ज मी मनातल्या मनात किती वेळा लिहिला असेल? शेवटचा लिहिला तो तांदळाच्या दिवशी.

यवतमाळ जिल्ह्यात झरीकडच्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, माझी दोनशिक्षकी शाळा. त्या दिवशी दुसऱ्या मॅडम बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलेल्या, चारही वर्ग मी एका खोलीत घेऊन बसलेलो. फळ्यावर दुसरीची हातच्याची वजाबाकी चालू होती. तेवढ्यात पोषण आहाराची गाडी आली. "गुरुजी, सही मारा, पुढं अजून आठ शाळा आहेत." मी म्हटलं, मोजून घेतो. माणशी 100 ग्रॅमचा हिशेब आम्हाला द्यावा लागतो, पोतं मात्र अंदाजानं घ्यायचं! एक कट्टा साडेतीन किलो कमी भरला. ते लिहून घेतोय तोवर केंद्रावरून फोन, आजची माहिती अजून भरली नाही म्हणून. रेंज मिळते टेकाडावरच्या मोहाखाली. मी मोबाइल घेऊन निघालो तर दुसरीतली एक पोट्टी दारापर्यंत आली. "गुरुजी, हातच्याचं सांगणार होते न तुम्ही?"

हातचा दोन दिवस तसाच राहिला.

शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं आहेत. बाकीची कुठून येतात ते आपण सगळे जाणतो, त्यावर वाद नको. मला ऐकायचंय ते तुमचं. कधी सोडावीशी वाटली, आणि मग काय झालं? सोडली असेल तर तेही लिहा. शाळेचं, साहेबांचं नाव नको. आणि 'शिक्षण हे व्रत आहे' ही भाषणं 5 सप्टेंबरला पोटभर होतात, ती इथं नकोत.

मेळघाट, धारणी तालुका

मी वर्ध्याकडची. नोकरी लागली तेव्हा घरी पेढे वाटले, आणि पहिल्याच आठवड्यात मी एसटीच्या मागच्या सीटवर रडत होते. पहिलीची पोरं कोरकू बोलायची, मी मराठी. मी बोलले की सगळी गप्प, मी पाठ फिरवली की गलका. एक मुलगा सारखा "डा, डा" म्हणत होता. मला वाटलं चिडवतोय, त्याला खाली बसवलं. पाणी मागत होता तो. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दिवाळीनंतर निम्मी घरं कामाला बाहेर पडली. 31 चा पट, समोर बसलेली 12. होळीला सगळे परततात असं ताई सांगायच्या, मला काही ते पटत नव्हतं. खोलीवर एकटी, नवरा दुसऱ्या जिल्ह्यात. त्या दोन-तीन महिन्यांत मी राजीनाम्याचा मजकूर पाठ केला होता. रोज संध्याकाळी त्याच ताई भाकर घेऊन यायच्या आणि मला पाच शब्द शिकवून जायच्या. होळीला पोरं खरंच आली. तोवर माझी एक वही भरली होती. अजून इथंच आहे. बदलीचा फॉर्म मात्र दर वेळी भरते, खोटं कशाला बोलू.

वाशीम

भाऊ, तुमचा तांदूळ साडेतीन किलो कमी आला, आमचा त 12 वर्षं पगारच आला नाही.

2004 मधी लागलो. कायम विनाअनुदानित, म्हंजे सरकारचं अनुदान कधीच नाही अशी शाळा. त्यातला 'कायम' शब्द 2009 मधी निघाला, पैसा पाहाले 2016 उजाडलं, अन तोबी 20 टक्के. तोवर शाळा सुटली की शिकवण्या, अन सुटीच्या दिवशी मजुरी. पाव्हणे विचारत, हातात किती पडते? मी म्हणो, पडते बावा, तुम्ही जेवा.

एकदा दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन सोंगाले गेलो, दुसऱ्या गावच्या शिवारात. तोंडाले दुपट्टा बांधलेला. दुपारी शेतमालकाचा पोरगा पाणी घेऊन आला. माह्याच दहावीच्या वर्गातला. मी मान खाली घालून ओंजळ केली. त्यानं पाणी ओतलं अन हळूच म्हणला, "सर, अजून घ्या." सुटीनंतर शाळा भरली. वाटलं आता सारं गाव हासन. पोट्ट्यानं कोणाजवळ एक शब्द काढला नाही. सोडायचं त रोजच वाटे. त्या दिवशी जास्तच वाटलं.

गोंदिया

मी राहिलो तो घराच्या हप्त्यापायी. 2031 ला संपतो. पोरांना चांगलं शिकवतो, त्याचा नि हप्त्याचा संबंध नाही.

चंद्रपूर

मी सोडली. शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकाला, महिन्याला सहा हजार मिळायचे तेव्हाची गोष्ट. आता प्राथमिकला 16 हजार आहेत, तेही 2023 पासून. खोलीभाडं, पेट्रोल वजा जाता घरूनच पैसे मागवायचो. तरी पैशापायी नाही सोडली. एका तपासणीत साहेबांनी माझी टाचणवही (रोजच्या पाठाच्या तयारीची वही) पोरांसमोर जमिनीवर फेकली. चौथीतल्या एका पोरानं ती उचलून, झटकून माझ्या टेबलावर ठेवली. साहेबांचं एक वेळ विसरलो असतो, त्या पोराच्या नजरेतली कीव सहन झाली नाही. दोन महिन्यांनी राजीनामा दिला.

आता कृषी केंद्र चालवतो. पस्तावा नाही. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा दुकानात बियाण्याची गर्दी असते. आठवण काढायलाही फुरसत नसते.

*(धागाकर्ता: 'परत या' असं कुणी लिहू नका. सोडणं हाही अनुभवच.)*

अकोला

छातीत धडधड, रात्री दोनला जाग, पोर्टलची शेवटची तारीख आठवून घाम. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टरांनी मानसोपचार ओपीडीचा कागद दिला तो आठ दिवस पाकिटात दडवला. जिल्हा रुग्णालयात ओळखीचे पालक भेटतील, गावात बोभाटा होईल, मास्तर पागल झाला. शेवटी बायकोनं 14416 ला फोन लावून मोबाइल माझ्या हातात दिला. टेलिमानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. त्यानंतर ओपीडीत गेलो. रांगेत आमच्याच पंचायत समितीतले दोन शिक्षक होते. तिघांनीही एकमेकांना "बीपीसाठी आलो" सांगितलं.

भंडारा

मला 47 व्या वर्षी सोडावीशी वाटतेय. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची. माझी लेक डीएड झालीय, तीही तोच पेपर देणार. पुस्तक एकच, म्हणून मधोमध फाडलं. बालमानसशास्त्र तिच्याकडे, गणित माझ्याकडे, आठवड्यानं अदलाबदल. परवा ती माझा सराव पेपर तपासत होती. 150 पैकी 84. म्हणते, "आई, तू घाई करतेस." हे वाक्य मी 24 वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना ऐकवत आले.

गडचिरोली

उशिरा लिहितोय. भामरागड तालुक्यात सहा वर्षं होतो. पर्लकोटा नदी पुलावर चढली की आम्ही तुटलो. एकदा पाच दिवस मी आणि सोबतचे गुरुजी एकाच खोलीत, डाळ-भात, पत्ते, आणि त्यांचं घोरणं. ऑनलाइन बदलीत सुटलो. आता शाळा घरापासून 4 किलोमीटर, पक्का रस्ता, सात शिक्षक. सात जण सात मोबाइलात. डबेही वेगवेगळे. सोडावं असं मला भामरागडला एकदाही वाटलं नाही, इथं वाटतं. संध्याकाळी पाचला त्या गुरुजींना फोन लावतो. रेंज असली तर लागतो.

धागाकर्ता

परवा अर्ज लिहून ठेवणाऱ्या सरांच्या घरी गेलो आणि हे सगळं वाचून दाखवलं. अर्जाचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "त्या वाशीमच्या मास्तरांना विचार, तो पाणीवाला पोरगा दहावीला पास झाला का?"

वाशीम

झाला न. मराठीत 81. गणितात 36.

गणित मीच शिकवत होतो.