अनुभव धागा : सांज पडली की तुमच्या गावात माणसं कुठं बसतात?

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातला, वय ७६. कापसाच्या खरेदी केंद्रावर मापारी म्हणून हयात गेली. मागच्या आठवड्यात सांजेला मारुतीच्या पारावर गेलो तर मी एकटाच. पुजाऱ्यानं दिवा लावला, घंटा वाजवली, पायात चपला सरकवल्या आणि घरी गेला. अंधार पडेपर्यंत मी तिथंच बसून होतो. सगळी माणसं आत्ता कुठं असतील, एवढाच विचार डोक्यात.

याच पारावर माझं अर्धं शिक्षण झालं. आमचा हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण ते ना पिता येत ना पिकाला देता येत. सारा जीव वरच्या पावसावर. दिवसभर वावरात राबलेली माणसं हातपाय धुऊन इथं यायची. आधी सामुदायिक प्रार्थना, मग कोणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचा, कारण निम्म्यांना अक्षरओळख नव्हती. कापसाचा भाव, पाऊस, मुंबई, दिल्ली. त्यानंतर भांडणं : बांधाची, निवडणुकीची, कोणाच्या बैलानं कोणाची तूर खाल्ली त्याची. फारच चिघळलं तर मारुतीच्या पायावर हात ठेवून बोलायचं. हात ठेवून खोटं बोललेला माणूस मी तरी पाहिला नाही.

१९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. हंगामात केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची आणि शेतकरी दोन-दोन, तीन-तीन रात्री बंडीखाली झोपायचे. पौषातली थंडी. काटा बंद करून मी बाहेर पडलो की रांगेत कुठंतरी टाळ वाजत असायचे. एका बंडीवरून अभंग निघायचा, पाच-सहा बंड्या सोडून पुढचा माणूस ध्रुपद उचलायचा. त्याच माणसांनी दिवसा प्रतवारीवरून ग्रेडरशी हमरीतुमरी केलेली असायची.

आता बातमी ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये येते. पण ती वाचल्यावर ज्याच्या तोंडाकडं बघावं असं शेजारी कोणी नसतं. देव संपला असं मला वाटत नाही. शेगावला जाऊन पाहा, सप्ताहाचे मंडप पाहा. काळजी वाटते ती सांजेच्या त्या बसण्याची. तुमच्या गावात माणसं अजून बसतात का? कुठं बसतात, काय बोलतात? मोकळेपणानं लिहा.

समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा. वय ६८.

भाऊ, पार तुमचा होता. आम्ही डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून त्याच्यापुढून जायचो. आमची सांज म्हणजे भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज नव्या घरी. गाणी झाली की खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायची. खळखळ वाजला तर दाणे-फुटाणे, दबका आवाज आला तर शिरा नाहीतर खोबऱ्याची वडी. गावात मला ओळखता न आलेली खिरापत एकच, ती उकडलेल्या शिंगाड्यांची.

लेकीसुना शिकल्या आणि भुलाबाई थांबली. पण बसणं थांबलं नाही. अंगणवाडीच्या खोलीत बचत गटाची बैठक असते, सांजेलाच. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दीड हजार येऊ लागले तेव्हापासून बोलण्याला जोर आला आहे. मी पासष्टीपुढची, ते पैसे मला नाहीत. मला श्रावणबाळचे मिळतात. पण सून बँकेतून आली की आधी माझ्यापुढं बसून हिशोब सांगते. हा काळ मी पाहीन असं वाटलं नव्हतं. बैठकीच्या आधी आम्ही गजानन महाराजांची आरती म्हणतो आणि मगच हप्त्याचं बोलतो.

पवनी तालुका, जिल्हा भंडारा. वय ६४.

मापारीभाऊंनी मनापासून लिहिलं आहे, म्हणून मीही मनातलं लिहिते. आमच्या गावच्या पारावर माझ्या बापाला बसायची मुभा नव्हती. तो पाराखाली उभा राहून पेपर ऐकायचा. पावसाच्या दिवसांत चिखलात उभा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. बाप आणि आजी दोघंही तिथं होते. आजीनं त्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं मरेपर्यंत पेटीत जपलं. परत आल्यावर बापानं पाराखाली उभं राहणं सोडलं. वस्तीतल्या चार जणांनी वर्गणी काढून पेपर सुरू केला. तो वाचायला एक पाचवी झालेला पोरगा होता, आणि बसायला आमच्याच अंगणातलं पोतं.

मी विड्या वळून चार लेकरं शिकवली. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात तेंदूची पानं, आणि सांजेच्या उजेडात हात चालवायचा. हजार विड्या झाल्या की दिवस भरला. ठेकेदार त्यातल्या काही बाद करायचा आणि बाद केलेल्याही ठेवून घ्यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही पाच-सहा बाया ओसरीवर वळायला बसायचो तेव्हाच ठरवलं की मोजून द्यायला एकटीनं जायचं नाही. दोघी-तिघी मिळून जाऊ लागलो, आणि बादचा आकडा कमी झाला.

आज विहारात सांजेला वंदना होते. वंदनेनंतर पोट्टे-पोरी पोलीस भरतीचा अभ्यास करतात. बल्ब चांगला आहे, पंखाही आहे. माणसं कुठं बसतात ते मी सांगितलं. आता तुम्ही सांगा, तुमच्या पारावर कोण कोण बसत होतं?

धागा काढणारा (दर्यापूर)

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात ठेवला. आमच्या पारावरही सगळे बसत नव्हते. पेपर वाचणारा जरा मोठ्यानं वाचायचा, 'खाली उभ्यांनाही ऐकू जावं' म्हणून. हे वाक्य मी लहानपणी रोज ऐकलं आणि वाचणाऱ्याचा चांगुलपणा म्हणून लक्षात ठेवलं. ती माणसं खाली का उभी आहेत, हे त्या वयात विचारलं नाही. पुढंही विचारलं नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून सगळ्यांदेखत कबूल करतो.

यवतमाळ जिल्हा. वय ७०.

आम्ही जिथं बसलो ती जागा कोणाच्या वाट्याला येऊ नये. २०१७ चा पावसाळा सरत होता. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. बोंडअळीच्या धसक्यानं जो तो फवारत होता. पाठीवर पंप, नळी वर धरली की वारा तोच फवारा तोंडावर आणायचा. ढगाळ हवा, अंगाला घाम, सदरा भिजून पाठीला चिकटलेला. माझा पुतण्या रोजानं फवारायला जायचा. एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "काका, दिवा लावला का? मले काहीच दिसून नाही राह्यलं." दिवा लावलेलाच होता.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा दिवस काढले. चहूकडल्या गावांची माणसं. कोणी गजानन बाबांचं नाव घेत होतं, कोणी उशाखाली अंगारा ठेवत होतं, आणि डॉक्टर दिसला की सगळे हात जोडून उभे. मीही नवस बोललो. पुतण्या वाचला. जिल्ह्यात त्या हंगामात वीसच्या वर माणसं गेली. आमच्या बाजूच्या खाटेवरचा पोरगा गेला, त्याच्या बापाच्या हातातला डबा तसाच भरलेला होता.

परत आल्यावर राम मंदिरात बसून ठरवलं. फवारणीच्या दिवसांत सांजेच्या आरतीला, उद्या कोण फवारणार त्यानं नाव सांगायचं. वारा असेल तर भोंग्यावरून सांगायचं, आज कोणी पंप उचलू नये. उपाशीपोटी कोणी जाऊ नये. आणि दुसऱ्या दिवशी प्रसाद वाटताना हजेरी घ्यायची, काल गेलेला प्रत्येक माणूस आला का. आला नसेल तर एकानं त्याच्या घरी जायचं. तेव्हापासून हजेरी सुरू आहे. माझा नवस मी शेगावला जाऊन फेडला, पण देवाचं खरं काम मला या हजेरीतच दिसतं.

तिवसा तालुका, जिल्हा अमरावती. सध्या पुण्यात नोकरी.

आमचं गाव मोझरीपासून जवळ. आजोबा गुरुदेव सेवा मंडळाचे, डोक्यावर भगवी टोपी. ११ ऑक्टोबर १९६८ ला तुकडोजी महाराज गेले तेव्हा आजोबा तरुण होते. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली. एवढा मोठा समुदाय एकदम गप्प होतो, आणि तेव्हा जवळच्या माणसाचा श्वास ऐकू येतो. आता आजोबा नाहीत. पुण्यात त्या वेळी मी ऑफिसात असतो. खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहतो. कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही. गावातली सांजेची प्रार्थना मात्र आता सहा-सात जणांवर आली आहे, हे आई फोनवर सांगते.

अकोला जिल्हा. वय ६१.

मले जसं बोलता येते तसंच लिहतो. गावात मुसलमानाची आमची पाच घरं. चाळीस वर्सं झाले, मी पंप, मोटारी, सायकली दुरुस्त करतो. भजनी मंडळाच्या पेटीचा भाता फाटला तवा मीच शिवला. आतून पातळ चामडं, वरून कापड, कडेनं सरस. दोन दिवस वजन ठेवून वाळवला. अजून हवा धरते.

सांजेले लोक माह्या दुकानातच बसतात. दोन वर्साआंधी एका पोट्ट्यानं मोबाईलवर विडिओ आनला, मारामारीचा. दुकानात चार जन होते, कोनी माह्याकडं पाहे ना. मी पाना हातात धरून तसाच. मंग मंडळाचे बुवा म्हनले, "अबे, हे कोनतं गाव हाय, कवाचं हाय, कोनी कोनाले मारलं, ते सांग. नाई सांगता येत त् खिशात ठेव." त्यानं ठेवला. मांगून समजलं, तो विडिओ आपल्या देशातलाच नवता.

तवापासून आमच्या दुकानात बातमी सांगायची त् गाव सांगा लागते आन् तारीख सांगा लागते. बुवाले आता दिसत नाई. नमाज झाला की मी त्यायले हात धरून दुकानात आनतो.

मेहकर तालुका, जिल्हा बुलडाणा. वय ५८.

आम्ही वर्षातून एकदा पायदळ शेगावला जातो, खरं बसणं त्या वाटेवरच. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मी विकलं चार हजाराच्या आत. घरी हे बोललो तर सगळ्यांच्या जेवणावर पाणी पडतं. वाटेवर बोललो तर पुढचा म्हणतो, माझंही तेच, आणि दोन कोस त्याच बोलण्यात निघून जातात. कर्ज तेवढंच राहतं, पण रात्री झोप लागते.

सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर. वय ६६.

आमच्याकडं आता सांजेला बसतच नाहीत. दिवस मावळला की ढोरं आत आणि दार बंद. वाघ गावाच्या कडेपर्यंत येतो. मोह वेचायला पहाटे एकट्यानं जाणं बायांनी सोडलं, टोळीनं जातात, डबा वाजवत.

पण दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की आमच्या पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं येतात, तेव्हा गाव घरात राहत नाही. चार-पाच गावचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून एकत्र येतात. रातभर नाटक, पहाटे चहा, उजाडल्यावरच परत. धान कापणीला आलेलं असते, तरी लोक येतात. मी सत्तरीला आलो, पण त्या रात्री पेंगत नाही.

वाशीम जिल्हा. वय ३३.

आमच्या पारावर मी आणि माझ्यासारखे दहा-बारा जण रोज बसतो. सगळे शेतकरी, सगळे बिनलग्नाचे. पारावर बसलेलं दिसलो की म्हातारी माणसं म्हणतात, कामधंदा नाही. दिवसभर कामच केलेलं असतं. मोठ्यांना एकच विनंती, तुम्हीही येऊन बसा. आम्हांला भाव माहीत आहेत, योजना माहीत आहेत, फॉर्म भरता येतात. बापाशी कसं बोलावं ते कळत नाही.

धागा काढणारा (दर्यापूर)

सगळं दोनदा वाचलं. वाशीमच्या पोराचं सुनेला वाचायला लावलं आणि नातवालाही.

काल पेपर घेऊन पारावर गेलो नाही. आमच्या गावात बुद्ध विहाराला लागून वाचनालय आहे. पन्नास पावलांवर, आणि मी ७६ वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. दारात चपला काढल्या. आत पाच पोरी आणि दोन पोरं अभ्यास करत होती. मी म्हटलं, बाजारभावाचं पान वाचतो, ऐकणार का? एक पोरगी उठली आणि तिची खुर्ची मला दिली. मी बसलो नाही. म्हटलं, तू बस, मी उभ्यानं वाचतो. कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा, सगळं वाचलं. मग तिनं पेपर घेतला आणि वरच्या पानापासून वाचायला सुरुवात केली, मोठ्यानं.

दर बुधवारी जाणार आहे. यवतमाळच्या भाऊंना विचारायचं होतं, हजेरीची वही कोण ठेवतं आणि नावं कशी लिहिता? आमच्याकडं तुरीची फवारणी जवळ आली आहे.